पुकारा मीच केला होता

कोर्ट साहेब चालवतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी कोर्टाच्या दारात एक दिवस उभं राहून पाहावं. आत कोण जाईल, कधी जाईल, कोणाचं काम जेवणाच्या सुट्टीआधी अन् कोणाचं नंतर, हे सारं दारात ठरतं. त्या दारात मी एकवीस वर्षं उभी होते. पद शिपायाचं, काम पुकाऱ्याचं. आतून बेंच क्लर्क दाव्याचा नंबर सांगायचा, मी बाहेर व्हरांड्यात येऊन माणसाचं नाव तीनदा पुकारायचे. माणूस आला तर आत पाठवायचा, नाही आला तर आत जाऊन सांगायचं, "कोणी नाही, साहेब." एवढंच काम. पण त्या "कोणी नाही"वर काय काय होऊन जातं, ते मला एकविसाव्या वर्षी कळलं. इतक्या उशिरा कळलं म्हणून माझा मलाच संताप येतो.

इथे मी कोणाचंच नाव लिहिणार नाही. जन्मभर दुसऱ्यांची नावं ओरडले, तेवढं पुरे झालं. तालुक्याचंही नाव नको. वर्धा जिल्ह्यातलं एक तालुका कोर्ट, इतकं समजा.

आमचं कोर्ट आधी कोर्ट नव्हतंच म्हणतात. तहसीलच्या आवारात एक लांबट खोली होती अन् वर्ध्याहून साहेब ठरलेल्या दिवशी येऊन बसायचे. त्याही आधी हा सगळा मुलूख मध्य प्रांतात होता. त्यामुळे रेकॉर्ड रूममधल्या जुन्या नस्त्या हिंदीत, त्याहून जुन्या इंग्रजीत, अन् त्या साऱ्यांवर वाळवी मात्र एकच. तारखेला आमच्याकडे आजही कोणी तारीख म्हणत नाही, पेशी म्हणतात. मी लागले तेव्हा दोन साहेब होते. नंतर तीन झाले, नवी इमारत झाली, भिंतीवर नंबर दाखवणारा पडदा लागला. पडदा लागल्यावर सगळे म्हणाले, आता शिपायाच्या पुकाऱ्याची गरज नाही. पडदा चार महिन्यांत बंद पडला अन् मी परत दारात. साहेबांचा निकाल पटला नाही तर वर्धा, वर्ध्याचा पटला नाही तर नागपूर. पण खालून वर जायला आधी खालच्या दारातून आत जावं लागतं, हे कोणी सांगत नाही.

मी कोर्टात कशी आले, तेही सांगते, कारण माझी चूक त्यातूनच दिसते. माझं माहेर पुलगावचं, वडील कापसाच्या मिलमध्ये. लग्न करून सिंदी मेघेला आले. नवरा कोर्टात शिपाई होता. तो गेला तेव्हा पोरगी तिसरीत होती. अनुकंपा तत्त्वावर मला नोकरी द्यायची ठरली, तर कागद अडला. शाळेच्या दाखल्यावर माझं माहेरचं नाव अन् रेशनकार्डावर सासरचं. आमच्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहितात, सगळे हसतात, पेढे वाटतात, अन् पोरीचं जुनं नाव त्या मांडवातच राहून जातं. मला मग प्रतिज्ञापत्र करावं लागलं की या दोन बाया नाहीत, ही एकच बाई आहे. कोर्टाचे मोठे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, म्हणाले होते, "पाहा बाई, तुम्हालाच तुम्ही कोण ते सिद्ध करावं लागून राह्यलं." मी तेव्हा रडत होते, तरी हसले होते. म्हणजे हे सगळं मला माहीत होतं. दुसऱ्या कोणाला माहीत नसतं तर एक वेळ चाललं असतं.

आता आत्या.

तिला मी पाच-सहा वर्षं ओळखत होते. सत्तरीची बाई, काटक, कपाळ मोकळं, हातात कापडी पिशवी. नवरा मेल्यावर सासरच्यांनी ठेवली नाही, म्हणून ती बापाच्या गावी परत आली. बापाने मागच्या अंगणातल्या दोन खोल्या तिला दिल्या, तोंडी. "तू राहाय इथं," एवढंच बोलला अन् पुढच्या वर्षी मेला. मग भाऊ मेला. मग घर पुतण्याच्या हातात आलं. त्या मागच्या दोन खोल्यांच्या बाजूने आता पक्की सडक गेली होती, अन् पुतण्याला तिथे दुकानं काढायची होती. पुतण्या तिला आत्या म्हणायचा, म्हणून सारं गाव आत्या म्हणायचं, म्हणून मीही. तिचं नाव काय, हे मी कधी विचारलं नाही. तेवढ्या वयाच्या बाईला नाव कोण विचारतं?

तिने बापाच्या घरातल्या हिश्शाचा दावा टाकला होता, अन् दाव्याचा निकाल लागेपर्यंत तिला त्या दोन खोल्यांतून काढू नये, असा कोर्टाचा स्टे होता. तो स्टेचा कागद तिने प्लास्टिकच्या पन्नीत घालून देव्हाऱ्यामागे ठेवला होता. मला म्हणायची, "बाई, दावा जिंकलो का हारलो, मले काई करायचं नाई. मले दोन खोल्यात मरू द्या म्हणा, बस." हिवाळ्यात येताना तुरीच्या उकडलेल्या शेंगा आणायची. मी दारात उभ्या उभ्या खायचे अन् फोलं खिशात टाकायचे.

लोक म्हणतात, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. असं म्हणणाऱ्यांच्या घराला पक्कं दार असतं, म्हणून सुचतं त्यांना. आत्याचं दार कोर्टाच्या कागदावरच उभं होतं.

तो गुरुवार होता. त्या दिवशी आत्याची उलटतपासणी होती. म्हणजे ती पिंजऱ्यात उभी राहणार अन् पुतण्याचा वकील तिला प्रश्न विचारणार. आधीच्या दोन पेश्या तिच्या वकिलामुळेच वाया गेल्या होत्या, अन् साहेबांनी कागदावर लिहिलं होतं, शेवटची संधी. वकिलाने तिला फोन करून बजावलं होतं, "मी वर्ध्याचं काम आटपून बारापर्यंत येतो. तू दारासमोरच्या बाकावर बसून राहजो. नाव पुकारल्याशिवाय हलू नको." वकिलाचा मुन्शी एरवी तिला दंडाला धरून आत न्यायचा. तो नेमका भाच्याच्या लग्नाला केळझरला गेला होता.

आतापर्यंत एकदाही तिने स्वतः पुकारा ऐकून उठायचं काम केलं नव्हतं. वकील उठायचा, मुन्शी उठायचा, ती मागून जायची.

साडेअकराला बेंच क्लर्कने नंबर सांगितला. पुतण्या अन् त्याचा वकील आधीच आत येऊन बसले होते, म्हणून म्हणाला, "फक्त वादी पुकारा." बोर्डाच्या, म्हणजे त्या दिवशीच्या कामांच्या यादीच्या, कागदावर होतं तिचं माहेरचं नाव, मधे बापाचं नाव, पुढे बापाकडचं आडनाव. हिस्सा बापाच्या घरातला, म्हणून दावाही बापाने ठेवलेल्या नावाचा. वकिलाने अर्जात पुढे उर्फ लावून सासरचं नावही लिहिलं होतं. पण नस्त्या कॉम्प्युटरवर चढल्या तेव्हा चढवणाऱ्याने पहिल्यापुरतं घेतलं अन् उर्फ गेलं उडत.

मी व्हरांड्यात आले. तीनदा पुकारलं. नाव अन् आडनाव. मधलं बापाचं नाव आम्ही गाळतोच. दिवसाला सत्तर-ऐंशी नावं पुकारायची, मधली नावं घेत बसलं तर सुट्टीपर्यंत अर्धा बोर्ड होत नाही. ही सवय मला कोणी लावली नाही, मीच लावून घेतली होती. अन् आडनाव म्हणाल तर त्या पट्ट्यात निम्मी माणसं त्याच आडनावाची.

आत्या माझ्यासमोर सात-आठ हातांवर बाकावर बसली होती. मी पुकारत होते अन् ती माझ्याकडे पाहत होती. मी तिला मानेनेच विचारलं, आली का? तिने मानेनेच सांगितलं, आली. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात, तो असा. मी आत जाऊन म्हटलं, "कोणी नाही, साहेब."

साहेबांनी काम मागे ठेवलं. साहेब वाईट नव्हते, हे मला सांगितलंच पाहिजे. तीनला परत पुकारायला सांगितलं. वकील अजून वर्ध्यालाच अडकलेला, त्याचा फोनही लागेना. मी परत तीनदा पुकारलं, परत "कोणी नाही." पुतण्याचा वकील उभा राहिला, आधीच्या पेश्या वाचून दाखवल्या, शेवटची संधी वाचून दाखवली. साहेबांनी स्टेनोला सांगितलं, वादी अन् वादीचे वकील गैरहजर, दावा काढून टाकण्यात येतो. दोन ओळी. मी पंख्याखाली उभी होते अन् माझं लक्ष घड्याळाकडे होतं, कारण माझी बस सव्वासहाची.

साडेपाचला मी खिडक्या लावत होते. आत्या दारात आली.

"बाई, माहा पुकारा काऊन नाई झाला?"

मी म्हटलं, "होईल उद्या. आज नसंल लागलं काम."

"वकिलानं त आजच म्हटलं होतं. सकाळपासून हललो नाई. पाणी प्यालेई नाई गेलो." मग म्हणाली, "ते एक बाई होती न, तिले तुमी दोनदा आवाज देल्ला. माह्या लहानपणी माहं बी तेच नाव होतं. मी शेजारचीले म्हटलं बी, कोण करंटी आहे, एवढी वरडून राह्यली बाई त येत काऊन नाई."

खिडकी तशीच उघडी राहिली.

मी बेंच क्लर्कच्या टेबलावरून बोर्ड उचलला. तिला विचारलं, बापाचं नाव काय? तिने सांगितलं. कागदावर मधे तेच होतं. मी ते एकदा पुकारलं असतं, फक्त एकदा, तर बापाचं नाव ऐकून ती ताडकन उठली असती. मी तिला बसवलं. सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. तिला आधी कळलंच नाही. ती म्हणाली, "पण मी त इथंच होतो न. तुमी पाह्यलं न मले."

"पाहिलं."

"मंग?"

मंग काय, डोंबल. 

वकिलाचा फोन संध्याकाळी लागला. त्याने आधी मला झापलं, मग स्वतःलाच शिव्या घातल्या, मग म्हणाला, उद्या सकाळी दावा परत पटावर घेण्याचा अर्ज देतो. मी विचारलं, "अन् स्टे?" तो म्हणाला, "दावाच नाही, तर स्टे कशावर उभा राहील बाई? आज चार वाजल्यापासून स्टे नाही." मग म्हणाला, "पुढं शनिवार आहे, दुसरा. रविवार. सोमवारी सणाची सुट्टी. उद्याच काही झालं पाहिजे."

शुक्रवारी अकरा वाजता अर्ज आत गेला. मी साहेबांच्या डाव्या हाताला उभी. आत्या मागे भिंतीला टेकून, आज मुन्शीने दंड धरलेला. वकिलाने सगळं सांगितलं, की बाई बाहेर हजर होती, नावाच्या घोळात उठली नाही. पुतण्याचा वकील म्हणाला, कशावरून? हजर होती याला पुरावा काय? आम्हाला म्हणणं मांडायला वेळ पाहिजे.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. एकवीस वर्षांत साहेबांनी चालू कामात मला काही विचारलं असेल तर ते तेव्हाच.

"शिपाई, काल पुकारा केला होता ना?"

"हो साहेब. तीनदा. दोन वेळा."

एवढंच म्हणाले मी. ती समोर बसली होती, मी तिला पाहिलं, मधलं नाव मी गाळलं, हे सगळं जिभेवर होतं. मोठे बाबू दाराशी उभे होते अन् त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट होतं, विचारलं तेवढंच बोल. शिपायाने विचारल्यावाचून बोलू नये, ही आमच्याकडची पहिली शिकवण. शिवाय मला निवृत्तीला दीड वर्ष होतं. चूक कबूल केली तर मेमो, मेमो म्हणजे चौकशी, चौकशी म्हणजे पेन्शनच्या कागदावर लाल शेरा. हे सगळं एका श्वासात मी मोजलं अन् गप्प बसले. लोक मला नंतर म्हणाले, तू बोलली असतीस तरी काही फरक पडला नसता. पडला असता की नसता, ते मला कधीच कळणार नाही. त्यांनी सांगून ते मिटत नाही.

साहेब म्हणाले, समोरच्यांचं म्हणणं आल्याशिवाय दावा पटावर घेता येत नाही, अन् पटावर नसलेल्या दाव्यात स्टे देता येत नाही. मंगळवारी ठेवा. कायद्याने ते बरोबरच असेल. पुतण्या बाहेर आला अन् व्हरांड्यातच फोन लावला. मी ऐकलं. जेसीबीवाल्याशी बोलत होता. शनिवार सकाळ ठरली.

घरी जाऊन मी जेवले नाही. पोरगी विचारते काय झालं, मी तिच्यावर खेकसले. लाल पट्टा माझ्याजवळ होता. साहेबांच्या कामाच्या वेळी शिपाई खांद्यावरून घालतो तो रुंद लाल पट्टा, त्यावर कोर्टाचा पितळी बिल्ला. बिल्ला काळा पडला होता म्हणून चिंचेनं घासायला मी तो घरी आणला होता. सकाळी मी नोकरीची पांढरी साडी नेसले, पट्टा पिशवीत टाकला अन् पहिल्या बसने आत्याच्या गावी गेले. काय करणार होते? मला ठाऊक नव्हतं. घरात बसणं मात्र होत नव्हतं.

मी पोचले तेव्हा जेसीबी सडकेवर उभा होता अन् ड्रायव्हर चहा पीत होता. आत्या तिच्या उंबऱ्यावर बसली होती. बाजूला पत्र्याची पेटी, तिच्यावर घडी केलेली गोधडी. दोन मातीच्या खोल्या, वर कवेलूचं, म्हणजे कौलांचं, छप्पर, भिंतीला नुकतंच सारवलेलं. शनिवारी पाडणार हे माहीत असून तिने शुक्रवारी भिंत सारवली होती. मी विचारलं, काऊन? म्हणाली, "माहीत नाई. हात रिकामे होते."

पुतण्या आला. आरडाओरडा करणारा माणूस नव्हता तो. मला म्हणाला, "बाई, तुमाले वाटत असंल मी कसाई आहे. सहा वर्सं थांबलो ना मी. माह्याबी पोरायले काई पाह्यजे का नाई? आत्याले पुढच्या घरात खोली देतो म्हटलं, ते येत नाई." आत्या तिथूनच म्हणाली, "तुह्या बायकोनं मले पहिल्याच दिवशी ताट उंबऱ्याबाहेर ठेवलं ते सांग न." तो सडकेकडे वळला. मग ड्रायव्हरला म्हणाला, चालू कर.

मी पिशवीतून पट्टा काढला अन् खांद्यावर घातला. उंबऱ्यासमोर जाऊन उभी राहिले.

"मी कोर्टातून आले. मंगळवारी पेशी आहे. तोवर कोणी हात लावायचा नाही."

खोटं, धडधडीत खोटं. पण आवाज तोच, एकवीस वर्षांचा. ड्रायव्हरने बिल्ला पाहिला अन् मशीन बंद केली. पोलीस पाटील आले होते, तेही दोन पावलं मागे सरकले. कोणीतरी मला खुर्ची आणली, पाणी आणलं. मी बसले नाही. अर्धा-पाऊण तास तसंच चाललं, अन् मला वाटायला लागलं, हे होतंय. बाप्पा, हे होऊन राह्यलं. आज दिवस काढला, उद्या येईन, परवा येईन, मंगळवार येईल. आत्याने माझ्या पदराला हात लावला अन् म्हणाली, "बस पोरी, पाय दुखतीन." मला रडू येत होतं अन् मी ते येऊ दिलं नाही.

पुतण्याने वकिलाला फोन लावला होता. आता फोन माझ्यासमोर धरला, आवाज मोठा करून.

"बाई, आज दुसरा शनिवार आहे. कोर्टाला सुट्टी. कोणाच्या हुकमाने गेलात तुम्ही तिथं? कागद आहे का?"

मी बिल्ल्यावर हात ठेवला.

"पट्टा घालून उभ्या आहात म्हणे. कोर्टाचा बिल्ला वापरून लोकांना अडवता? मी जिल्हा न्यायाधीशांकडे लेखी देऊ का? नोकरी जाईल तुमची, अन् गुन्हा वेगळा. विचार करा."

पोलीस पाटील म्हणाले, "कागद असंल त दाखवा बाई. नाई त मी बी अडकतो."

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी आत्याकडे पाहिलं नाही. मी पोरीचा विचार केला. तिचं लग्न जमत आलं होतं. पेन्शनचा विचार केला. नवऱ्याच्या मरणावर मिळालेल्या नोकरीचा विचार केला. मग मी पट्टा काढला, गुंडाळला, पिशवीत ठेवला. अन् वळून आत्याला म्हटलं, "उठा."

तिने मला एकच विचारलं. "उठू?"

"हो. उठा आता."

"तू म्हणतं त उठतो," म्हणाली अन् उठली.

पुतण्या तिला ओढून काढणार नव्हता, हे मला आजही वाटतं. तो तिच्या अंगाला हात लावायला घाबरत होता. ती उंबऱ्यावर बसून राहिली असती तर ड्रायव्हरनेही मशीन पुढे घेतली नसती. तिला उठवलं ते मी. कोर्टाच्या बाईने सांगितलं म्हणून ती उठली. मी पेटीचं एक कडं धरलं, तिने दुसरं, अन् आम्ही सडकेच्या पलीकडे कडुलिंबाखाली जाऊन उभ्या राहिलो. कवेलू खाली यायला फार वेळ लागला नाही. मातीची भिंत पडताना आवाजही मोठा होत नाही. धूळ उडते, बस. आत्या पूर्ण वेळ पाहत होती. मी नाही पाहू शकले. संध्याकाळपर्यंत ती जागा सपाट झाली होती.

ती रात्र अन् पुढच्या दोन रात्री तिने समाज मंदिराच्या ओट्यावर काढल्या. मी माझ्या घरी चला म्हटलं, दोनदा म्हटलं. ती नाही म्हणाली. जागेवरून नजर हटली तर तीही जाईल, असं तिला वाटत असावं. तिची पोरगी चंद्रपूरकडे दिली आहे. जावयाने सोमवारी टेम्पोत घालून टिनाचे सहा पत्रे अन् चार लाकडी बल्ल्या आणून दिल्या. तिचं ठरलं होतं, मंगळवारी कोर्टाने हो म्हटलं की त्याच जागेवर बल्ल्या ठोकून वर पत्रे टाकायचे अन् राहायचं. भिंती पडल्या तरी जागा बापाचीच होती ना.

मंगळवारी पुतण्याच्या वकिलाने उभं राहून सांगितलं, "दावा पटावर घ्यायला आमची हरकत नाही, साहेब." का असेल हरकत? आता त्यांचं काय अडलं होतं? साहेबांनी दावा परत घेतला. मग आत्याच्या वकिलाने शनिवारची गोष्ट सांगितली. साहेबांचा चेहरा उतरला, ते मी जवळून पाहिलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पुतण्याच्या वकिलाला दोन शब्द कडक बोलले. मग स्टेनोला हुकूम सांगितला. मी सगळा ऐकला, तरी त्याचा अर्थ मला तेव्हा पुरता लागला नाही. नक्कल हातात आल्यावर लागला.

आत्या बाहेर बाकावर होती. माझ्या हातात कागद पाहून उठली. शनिवारनंतर ती माझ्याशी नेहमीसारखीच बोलत होती, ते मला सहन होत नव्हतं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"काय लिहिलं?"

"दावा वापस घेतला."

"अन् जागेचं?"

मी वाचून दाखवलं. निकाल लागेपर्यंत दोन्ही पक्षांनी जागेची स्थिती जैसे थे ठेवावी.

"म्हंजे?"

"म्हणजे आज जागा जशी आहे, तशीच ठेवायची. त्याले तिथं दुकान बांधता येणार नाही."

तिचं तोंड पाच दिवसांत पहिल्यांदा जरा सैल झालं. "बरं झालं. नाईच बांधू द्याचं त्याले." मग म्हणाली, "अन् मले?"

मी ती ओळ परत वाचली.

"मले टिनं टाकता येतीन न? जागा त माह्या बापाची आहे."

"दोन्ही पक्षांनी, आत्या. तुमाले बी नाही."

ती बाकावर बसली. पिशवीतून मोबाईल काढला अन् माझ्यापुढे धरला. म्हणाली, "जावयाले फोन लावून दे, बाई. पत्रे वापस न्यायले सांगतो."